पाणी निवळण्याचं काम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला होते ते शिक्षक होते. विज्ञान लोकांच्या दारापर्यंत गेलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. त्याला धरूनच मी आजचा विषय निवडला. धरणांची उंची, नदीजोड, पाणीवाटपाचे तंटे यांवर पुण्यात पुष्कळ व्याख्यानं होतात. लहान गावाला नदीतून किंवा तलावातून मिळणारं अशुद्ध पाणी गढूळ का असतं आणि ते निवळायचं कसं, यावर होत नाहीत. माझं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेलं. पहिला जोराचा पाऊस झाला की नदी मातकट होते, जॅकवेलवरच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीवरच्या, माणसाची झोप उडते आणि गावातल्या बायका हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधतात. हे दरवर्षीचं आहे, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि ते का वाटतं हे आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्याच शहरापासून करतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं रोज वर्तमानपत्रात येऊ लागली. चांगली चालती-फिरती माणसं दोन दिवसांत हातापायातली शक्ती गेल्यामुळे रुग्णालयात दाखल झाली. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. साहजिकच सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं, आणि तेव्हा अनेक पुणेकरांना पहिल्यांदाच कळलं की नांदेडगावच्या विहिरीत खडकवासला धरणाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन मिसळला जातो आणि तेच पाणी नळाला सुटतं. मध्ये निवळणं नाही, गाळणं नाही. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी. पेठांमधल्या घरांना पर्वतीच्या केंद्रात शुद्ध झालेलं पाणी मिळत होतं आणि धरणाच्या अगदी उशाशी असलेल्या गावांना त्याच धरणाचं न गाळलेलं पाणी.

गढूळपणामुळेच ही साथ आली, असा दावा मी करत नाही. पाण्यात सांडपाणी मिसळणं, जलवाहिनीची गळती, अन्नातून होणारा संसर्ग, अशी अनेक कारणं असू शकतात आणि तो निवाडा रोगतज्ज्ञांनी करायचा. माझं म्हणणं वेगळं आहे. उघड्यावरचं पाणी न गाळता केवळ क्लोरीनच्या भरवशावर माणसांना पाजायचं, ही पद्धतच चुकीची आहे, साथ येवो वा न येवो. आणि ती फक्त नांदेडगावात नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान योजनांमध्ये पाणीशुद्धीकरण म्हणजे सकाळी टाकीत ओतलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, एवढाच अर्थ उरला आहे.

क्लोरीन हे उत्तम औषध आहे. कॅम्पिलोबॅक्टरसारखे जीवाणू त्याच्यापुढे टिकत नाहीत. पण ते जीवाणूपर्यंत पोहोचावं लागतं. गढूळ पाण्यात जंतू मोकळे तरंगत नसतात. ते मातीच्या कणांना चिकटलेले असतात, सेंद्रिय गाळाच्या गुठळ्यांमध्ये दडलेले असतात, आणि क्लोरीन तिथं शिरत नाही. शिवाय तो स्वतःच खर्च होतो, कारण पाण्यातला कुजका पाला, शेवाळ, सांडपाण्याचे अंश त्याला आधी खाऊन टाकतात. मग कर्मचारी नेहमीएवढीच पावडर घालतो आणि शेवटच्या नळाला तपासलं तर काहीच उरलेलं नसतं. ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढा मोकळा क्लोरीन नळापर्यंत उरायला हवा. हा आकडा गढूळ पाण्यात गाठायचा तर पावडर दुप्पट-तिप्पट करावी लागते. मग वास येतो, चव बिघडते, आणि लोक नळाचं पाणी सोडून शेतातल्या विहिरीकडे वळतात.

म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एनटीयू ठेवली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयूपर्यंत मुभा आहे. एनटीयू हे प्रकाशाचं माप आहे. पाण्यातून प्रकाश जाताना कणांवर आपटून किती विखुरतो, ते यंत्र मोजतं. ५ एनटीयूचं पाणी काचेच्या पेल्यात धरलं तर डोळ्यांना बहुधा स्वच्छच दिसतं. पावसाळी नदीचा गढूळपणा शेकड्यांत असतो, पुराच्या दिवशी हजारांत.

डोळ्याला दिसत नाही तेवढ्या गढूळपणानं काय होतं, हे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरानं १९९३ मध्ये पाहिलं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी तिथल्या पाण्यात शिरला. क्लोरीनला तो दाद देत नाही, त्याला अडवायचं ते गाळणीनंच. मार्चच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेकडच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा चढला. तो चढून किती झाला होता, तर १.७ एनटीयू. आपल्याकडे एवढ्या गढूळपणाला कुणी नावं ठेवणार नाही. सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. त्यानंतर जगभरच्या पाणीपुरवठ्यात गढूळपणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गाळणी नीट काम करते आहे की नाही, हे सांगणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकरची खूण म्हणजे गढूळपणा, ही गोष्ट तिथं हजारो संसारांनी किंमत मोजून शिकली.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९२ मध्ये, जर्मनीत हॅम्बुर्ग आणि आल्टोना या शेजारी शहरांत हाच धडा याहून भीषण रीतीनं मिळाला होता. दोन्ही शहरं एल्ब नदीचं पाणी पीत. आल्टोना ते हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला घेई, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतर. पण आल्टोना ते पाणी वाळूतून संथपणे गाळत असे आणि हॅम्बुर्ग गाळत नव्हतं. त्या उन्हाळ्यात कॉलऱ्यानं हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं नेली. आल्टोना जवळपास वाचलं. दोन्ही शहरांची हद्द ज्या रस्त्यावर होती, तिथं एका बाजूच्या घरांत साथ होती आणि समोरच्या घरांत नव्हती. हॅम्बुर्गमध्ये गाळणीचं काम रेंगाळत पडलं होतं, ते पुढच्या वर्षी पूर्ण झालं. नांदेडगावच्या विहिरीची बातमी वाचनात आली त्या दिवशी मला आठवलं ते हॅम्बुर्ग.

आता गढूळपणा येतो कुठून आणि तो आपोआप का बसत नाही, ते पाहू. पाणी स्थिर ठेवलं की माती खाली बसते, हा आपला घरचा अनुभव. तो अर्धाच खरा आहे. एक मीटर खोल टाकी घ्या. बारीक वाळूचा, एक दशांश मिलिमीटरचा कण तळाला दोन-अडीच मिनिटांत पोहोचतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. आणखी दहापट बारीक असा चिकणमातीचा कण घेतला, तर तेवढंच अंतर उतरायला बारा-तेरा दिवस लागतील, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. म्हणजे कणाचा आकार दहापट घटला की बसण्याचा वेळ शंभरपट वाढतो. त्याहून बारीक कण बसतच नाहीत.

दख्खनच्या पठारावर ही अडचण जास्त टोचते. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली आपली काळी माती अतिशय बारीक आणि फुगणारी आहे. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर एकाच प्रकारचा भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, एकत्र येत नाहीत, जड होत नाहीत आणि म्हणून बसत नाहीत. तुरटी इथं उपयोगी पडते. तिच्यातला ॲल्युमिनियम धनभारित असतो, तो कणांचा भार मारतो. शिवाय पाण्यात कापसासारखा चिकट हायड्रॉक्साइड तयार होतो आणि हे कण त्यात गुंतत जातात. त्यांच्या गुठळ्या होतात. केंद्रातले लोक त्यांना फ्लॉक म्हणतात. फ्लॉक मात्र तासाभरात बसतो.

आपल्या पूर्वजांना भार माहीत नव्हता, पण परिणाम माहीत होता. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करण्यासाठी निवळीच्या बियांचा उल्लेख आहे. शेवग्याच्या बियांच्या भुकटीनंही हे काम होतं, कारण तिच्यात धनभारित प्रथिनं असतात. घरापुरता हा उपाय चांगला. गावापुरता नव्हे. बियांतले सेंद्रिय अंश पाण्यात राहतात आणि ते पाणी साठवून ठेवता येत नाही. लहान गावाला बियांचा सल्ला देणारे लेख अधूनमधून छापून येतात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

नुसतं बसू देण्याचं तंत्रही आपल्याकडे कसं वापरलं गेलं, ते पुण्यातच पाहता येतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून दगड-विटांचा, माणूस वाकून चालू शकेल असा पाट, वाटेत जागोजागी उच्छ्वास आणि शेवटी शहरातले हौद. कात्रजला दोन तलाव आहेत, एकाखाली एक. डोंगरावरून धावत आलेलं पाणी वरच्या तलावात थबकतं, जड गाळ तिथं राहतो आणि खालच्या तलावात बरंचसं निवळलेलं पाणी उतरतं. उच्छ्वासांच्या तळाशीही गाळ बसायला जागा होती आणि तिथून तो उपसता येई. विजेशिवाय, पंपाशिवाय, केवळ उताराचा उपयोग करून, गाळ कुठं बसेल याचा विचार आधी करून बांधलेली ही योजना आहे. बारीक चिकणमाती ती काढू शकत नव्हती, पण जड गाळाचा मोठा हिस्सा ती शहरात येऊच देत नव्हती. आजच्या किती लहान योजनांमध्ये अशुद्ध पाण्यासाठी एक साधी गाळटाकी असते? नदीवरून आलेली अशुद्ध जलवाहिनी थेट शुद्धीकरण केंद्रात, नाहीतर थेट विहिरीत सोडलेली असते.

पण गाळटाकीनंतर तुरटीशिवाय गत्यंतर नाही. आणि तुरटीचं काम जेवढं सोपं समजलं जातं तेवढं नाही, म्हणून त्याबद्दल मी थोडं विस्तारानं बोलणार आहे.

एका नगरपालिकेत मी ऐन जुलैत गेलो होतो. पाणी निवळत नाही म्हणून तिथल्या माणसानं तुरटी वाढवत नेली होती. तुरटीच्या लाद्या थेट पाटात टाकलेल्या, वर आणखी लाद्या. पाणी पूर्वीपेक्षा वाईट. माणूस कामचुकार नव्हता, उलट तीन रात्री केंद्रावरच झोपला होता. त्याला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तुरटीला काम करायला पाण्यात अल्कता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची क्षमता, लागते. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते. उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात ती भरपूर असते. पावसाळ्यात नदीत पावसाचंच पाणी येतं, अल्कता घटते, आणि नेमकी तेव्हाच तुरटी जास्त लागते. तुरटी वाढवत नेली की पाणी आम्ल होतं, फ्लॉक धरत नाही, विरघळलेला ॲल्युमिनियम पाण्यातच राहतो. शिवाय मात्रा फारच वाढली तर कणांचा भार उलटून धन होतो आणि ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात. आम्ही सहा काचेची भांडी मांडली. तुरटी निम्मी केली आणि बरोबर थोडा चुना दिला. अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी पांढुरका गाळ आणि वर स्वच्छ पाणी.

या सहा भांड्यांच्या प्रयोगाला जार टेस्ट म्हणतात. प्रत्येक भांड्यात एक लिटर अशुद्ध पाणी. पहिल्यात तुरटीची मात्रा १० मिलिग्रॅम, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०, अशी चढत जाणारी. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळूहळू, मग अर्धा तास स्थिर ठेवायचं. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी चांगलं निवळलं, ती त्या दिवसाची मात्रा. त्या दिवसाची, हे महत्त्वाचं, कारण रात्रीत पाऊस झाला की सकाळी ती बदलते. सगळ्यात थोडक्या पैशांत होणारी ही चाचणी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. मोटारीवर चालणारं उपकरण नसेल तर काचेच्या बरण्या आणि लाकडी दांडा यांनीही ती करता येते. तुरटी मात्र लादीच्या रूपात पाण्यात टाकायची नाही. तिचं पाच-दहा टक्क्यांचं द्रावण करून, धार मोजून, पाणी जिथं खळाळत असेल तिथं सोडायचं. लादी किती विरघळली याचा हिशेब कुणालाच ठेवता येत नाही. पाण्यात उरणाऱ्या ॲल्युमिनियमची स्वीकारार्ह मर्यादा आपल्या मानकात ०.०३ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२. अंदाजानं टाकलेल्या लाद्यांनी ती पाळली जाणार नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लहान गावानं एवढं मोठं केंद्र बांधायचं कसं? फ्लॅश मिक्सर, फिरते पंखे, गोल क्लॅरिफायर, मोटारी, गिअरबॉक्स. एक गिअरबॉक्स बिघडला तर महिनाभर दुरुस्ती होत नाही. हा प्रश्न खरा आहे. आणि त्याचं एक उत्तर महाराष्ट्रातच, महाराष्ट्रातल्या एका अभियंत्यानं, पन्नास वर्षांपूर्वी दिलं आहे. जे. एन. कर्डिले हे त्यांचं नाव. पाणीपुरवठ्याच्या बाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही, ही आपल्या विज्ञानलेखनातली मोठी उणीव आहे असं मी मानतो.

कर्डिले यांनी १९७३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकला, १९७७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आणि १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या चांदोरीला, अशी तीन वेगवेगळ्या गरजांची केंद्रं उभी केली. रामटेकचं केंद्र दिवसाला सुमारे २४ लाख लिटरचं, फारसं गढूळ नसणाऱ्या पाण्यासाठी. वरणगावचं सुमारे ४२ लाख लिटरचं, खूप गढूळ होणाऱ्या पाण्यासाठी. चांदोरीचं अगदी छोटं, तासाला ४० हजार लिटर, एका गावापुरतं.

त्यांच्या रचनेतलं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे पंखे काढून टाकले. तुरटी मिसळलेलं पाणी हळुवार घुसळलं गेलं पाहिजे, म्हणजे कण एकमेकांवर आदळून फ्लॉक मोठा होतो. हे घुसळण त्यांनी खडीच्या थरावर सोपवलं. पाणी खडीच्या सांदीसांदीतून वळणं घेत जातं आणि जाता जाताच ढवळलं जातं. वीज नाही, मोटार नाही, गिअरबॉक्स नाही. दुसरं, गाळ बसवण्यासाठी मोठी टाकी बांधण्याऐवजी त्यांनी टाकीत ६० अंशांत तिरक्या लावलेल्या पीव्हीसी नळ्यांचा संच बसवला. मघाशी आपण पाहिलं की एक मीटर खाली जायला बारीक कणाला किती वेळ लागतो. नळीत त्याला काही सेंटिमीटरच खाली जायचं असतं. तिथं तो नळीच्या तळाला टेकतो, इतर कणांसोबत घसरत खाली येतो आणि स्वच्छ पाणी वर चढतं. टाकी कितीतरी लहान होते. तिसरं मला सर्वांत आवडतं. जलद गाळणीत वाळूच्या वर हलक्या आणि मोठ्या कणांचा एक थर असला तर गाळणी लवकर तुंबत नाही, मोठा गाळ वरच अडतो. पाश्चात्त्य देशांत यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरतात. तो आपल्याकडे सहज मिळत नाही. कर्डिले यांनी त्या जागी नारळाची करवंटी फोडून, चाळून घातली. ती हलकी आहे, टणक आहे, वर्षानुवर्षं पाण्यात कुजत नाही, आणि बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेनं पाणी सोडून धुणं, केल्यावर वाळूच्या वरच येऊन बसते.

बांधकामाचा खर्च नेहमीच्या केंद्रापेक्षा बराच कमी आला. ख्रिस्तोफर शुल्झ आणि डॅनियल ओकुन यांनी विकसनशील देशांतल्या पाणीशुद्धीकरणावर १९८४ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात या महाराष्ट्रातल्या केंद्रांचा सविस्तर परिचय आहे. रामटेक आणि वरणगाव ही नावं त्या पुस्तकातून परदेशातल्या वाचकांपर्यंत पोहोचली.

या केंद्रांना मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. खडीचा थर गाळानं भरतो आणि तो नियमानं निचरा करून धुवावा लागतो. नळ्यांवर शेवाळ धरतं. तुरटीची मात्रा चुकली तर पंखेवालं केंद्र जितकं फसतं तितकंच हेही फसतं. यंत्र कमी केलं म्हणून माणसाची गरज कमी होत नाही, उलट वाढते, कारण आता सगळा भरवसा त्याच्या नजरेवर आहे. स्वयंचलित संच विकत घेतला की प्रश्न मिटला, असं मानणारे पुष्कळ निर्णयकर्ते मला भेटले. पेटीबंद संच बसतो, उद्घाटन होतं, दोन पावसाळे जातात आणि संच बायपास करून पाणी सरळ टाकीत सोडलं जातं. मला तंत्रज्ञानाचा राग नाही. पण गावात ज्याचा सुटा भाग मिळत नाही आणि ज्याची चूक तिथल्या माणसाला ओळखता येत नाही, ते तंत्रज्ञान त्या गावाचं नव्हे.

संथ वाळूगाळणीबद्दल थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमधल्या पेस्लीत १८०४ पासून आणि लंडनमध्ये १८२९ पासून ती वापरात आहे, आल्टोनाला वाचवलं ते तिनंच. तिच्यात रसायन लागत नाही. वाळूच्या पृष्ठभागावर जीवांचा एक थर धरतो आणि तो जंतूंचा नायनाट करतो. मात्र तिला गढूळ पाणी चालत नाही, आठवड्याभरात ती तुंबते. आधी खडीच्या भरड गाळणीतून पाणी नेलं तर जमतं. जिथं जागा आहे आणि पाणी तलावाचं आहे, तिथं ही जोडी मला आजही पहिल्या पसंतीची वाटते. नदीवर मात्र तुरटी लागेलच.

नदीचं नाव निघालं म्हणून एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लहानपणी नदीच्या वाळवंटात झिरा खणायचे. वीतभर, हातभर खोल गेलं की स्वच्छ पाणी पाझरत येई. वाळूच गाळणी होती. याच तत्त्वावर कितीतरी गावांच्या योजना नदीपात्रातल्या पाझर-विहिरींवर बांधल्या गेल्या आणि पुराच्या दिवसांतही त्यांना पाणी बरं मिळे. ती वाळू आपण बांधकामाला उपसून नेली. पात्रात आता खडक आणि चिखल उरला आहे आणि गावाला थेट पृष्ठभागावरचं पाणी घ्यावं लागतं. वाळूचा एक ट्रक भरून गेला की गावाच्या गाळणीचा तेवढा भाग गेला, हे पाणीपुरवठ्याच्या हिशेबात कुठेही लिहिलेलं नसतं. तसंच पुण्याच्या धरणांच्या काठच्या डोंगरांचं. मुठा, आंबी आणि मोसी या नद्यांच्या खोऱ्यांत उतार पोखरून जे रस्ते आणि बंगल्यांचे प्लॉट होत आहेत, त्यांची माती पहिल्या पावसात जलाशयात उतरते. ती काढण्यासाठी लागणाऱ्या तुरटीचे पैसे प्लॉट घेणारा देत नाही, पाणीपट्टी भरणारा देतो.

आणि जॅकवेल. पाणी कोणत्या खोलीवरून घ्यायचं हे ठरवता यावं म्हणून जॅकवेलला वेगवेगळ्या उंचीवर झडपा ठेवतात. पुराच्या वेळी तळाची झडप बंद करून वरचं पाणी घ्यायचं, उन्हाळ्यात शेवाळाचा थर वर असेल तर मधलं. अनेक ठिकाणी या झडपा गंजून एकाच स्थितीत अडकल्या आहेत. वर्षातून दोनदा त्या फिरवून ग्रीस लावलं तरी पुढचं कितीतरी काम हलकं होईल.

इतकं सगळं सांगून मी येतो तो माणसापर्यंत. लहान गावाच्या शुद्धीकरण केंद्रावर जो माणूस असतो, तोच बहुधा व्हॉल्व्हमन असतो, तोच गळती काढतो, तोच पाणीपट्टीच्या वसुलीला फिरतो. त्याला मानधन मिळतं, पगार नव्हे. त्याला गढूळपणा मोजायचं यंत्र दिलेलं नसतं. असलं तर त्याचं प्रमाणीकरण कधी झालेलं नसतं. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं आणि घराघरात नळ पोहोचवण्यात मोठं काम झालं. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण माणशी ५५ लिटर हा आकडा जसा सर्वांच्या तोंडी बसला, तसा १ एनटीयू हा आकडा बसलेला नाही. पाणी किती येतं हे सगळे विचारतात.

माझं म्हणणं असं की धरण, नदी किंवा कालव्याचं उघडं पाणी घेणाऱ्या प्रत्येक योजनेला, ती ग्रामपंचायतीची असो की महापालिकेत नव्यानं आलेल्या गावाची, निवळणं आणि गाळणं या दोन पायऱ्या बंधनकारक केल्या पाहिजेत. मोठी योजना येईल तेव्हा येईल. तोवर खडी, तिरक्या नळ्या, वाळू आणि करवंटीचं केंद्र एका वर्षात उभं राहू शकतं. अशा केंद्राची रचना याच राज्यात झाली आहे. त्यावर नेमलेल्या माणसाला पगार, प्रशिक्षण, सहा काचेची भांडी आणि गढूळपणामापक द्यायला हवा. आणि रोजची नोंद, अशुद्ध पाण्याचा गढूळपणा, दिलेली तुरटी, गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा, शेवटच्या नळाचा क्लोरीन, केंद्राच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवी.

यातलं शेवटचं काम सरकारची वाट न पाहता सुरू होऊ शकतं. इथं बसलेल्यांपैकी अनेकांचं गाव दुसरीकडे आहे, अनेकांची घरं महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांमध्ये आहेत. आपल्या ग्रामपंचायतीत, आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जा आणि कालच्या गढूळपणाची नोंद दाखवा म्हणून विचारा. नोंदवही नसेल तर ती सुरू करायला लावा, आणि सुरू झाली की पावसाळाभर दर आठवड्याला जाऊन ती वाचा.